शनिवारचं विचारायचं नाही

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

सत्तावन्न वर्षांत कधी डायरी लिहिली नाही. आज लिहायला बसलो, कारण एक गोष्ट अशी झालीय की ती कोणाला विचारता येत नाही आणि विचारल्याशिवाय राहवतही नाही.

सकाळी पोहे खाताना मालविका म्हणाली, "आजपासून दर शनिवारी सकाळी मी जुडिथबरोबर जाणार आहे. जेवायच्या वेळेपर्यंत येईन. कुठे जाते ते विचारू नका."

मला वाटलं, गंमत करतेय. "का? एवढं काय गुपित आहे?"

"आहे. सांगायचं तेव्हा मीच सांगेन. तोवर मला विचारायचं नाही आणि दुसऱ्या कोणाकडून काढूनही घ्यायचं नाही. कबूल?"

"कबूल," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडे असं अट घालून काही मागितल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. जुडिथ आमची इथली, आखातातली जुनी मैत्रीण, मूळची वसईची, एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. मी बाल्कनीतून बघत होतो. मालविकाच्या खांद्याला मोठी कापडी पिशवी होती. जुडिथनं वर बघून हात हलवला. "सदाभाऊ, बायको पळवते हां तुमची!" आणि गाडी अल मुंतझाच्या सिग्नलला वळून दिसेनाशी झाली.

माझा धंदाच चौकशीचा. मेसईदच्या खत कारखान्यात मी कॉम्प्रेसरची तब्येत बघतो. चालतं मशीन उघडता येत नाही, बाहेरून थरथर मोजायची, कान लावायचा आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. आजवर क्वचितच चुकलो. डिसेंबरअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतंय, मग कायमचं नाशिकला. जाता जाता घरातच एक बंद मशीन पुढ्यात आलं म्हणायचं.


मंगळवार, ८ ऑक्टोबर

नयनाच्या घरी बायकांचा वाचनकट्टा भरतो. नयना म्हणजे माझ्या ऑफिसातल्या देवव्रतची बायको. या वेळी कट्ट्यावर मालविका बोलणार आहे. विषय असा की ऐकूनच मी चाट पडलो: जुन्या वेल्श आणि फ्रेंच शिलेदारी कथांतल्या मंतरलेल्या खानदानी स्त्रिया.

ती फ्रेंचची एम.ए. लग्नाआधी पुण्यात कॉलेजात शिकवायची. इथे आल्यावर तिचं फ्रेंच शाळकरी मुलांच्या शिकवण्यांपुरतं उरलं. आता मात्र जेवणाच्या टेबलावर जाड जाड पुस्तकांचे ढीग आहेत आणि मी ताट गुडघ्यावर घेऊन जेवतोय.

आज तिनं माझ्यावर रंगीत तालीम केली. एका सरदाराची मुलगी, तिला कोणीतरी मंत्र घालून नागीण केलं, आता एखाद्या शिलेदारानं न घाबरता तिचं चुंबन घेतलं तरच ती सुटणार. दुसरी एक, तिला एका किल्ल्यात अशी डांबलीय की दार उघडं आहे, पण तिला ते दिसत नाही. वेल्स असो की फ्रान्स, बायकांचं नशीब तेच.

मी विचारलं, "पण मंत्र घातला कोणी? आणि कशासाठी? मूळ कारण कळल्याशिवाय उपाय कसा करणार?"

ती हसली. "सगळे पुरुष हेच विचारतात. कथेतला शिलेदारसुद्धा. ती एवढी वर्षं त्या किल्ल्यात बसून काय करत असेल, हे कोणीच विचारत नाही."

"काय करणार? वाट बघणार."

"हं," म्हणाली आणि पुस्तक मिटून भाकऱ्या करायला गेली. काही चुकलं का माझं? मला तर प्रश्न रास्त वाटला होता.


शनिवार, १२ ऑक्टोबर. दसरा

वाटलं होतं, आज सणाचं तरी जाणार नाही. पण पहाटे उठून तिनं चक्का घोटून ठेवला आणि हॉर्न वाजताच निघाली.

परत आली ती डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून. डोळे लाल. कपाळावर आडवी एक रेघ उमटलेली, जणू काहीतरी घट्ट बांधलं होतं. थेट बाथरूममध्ये गेली, बराच वेळ आत होती. मग जेवायला बसली आणि श्रीखंड-पुरीवर असा ताव मारला की एरवी कधी बघितला नाही. दुपारी डाराडूर झोपली.

संध्याकाळी देवव्रत आणि नयना सोनं द्यायला आले. इथे आपटा कुठला, नयनानं कागदाची पानं कापून आणली होती. गाडीची पूजा झाली आणि देवव्रत म्हणाला, "सदा, तो वहिनींच्या ड्रायव्हिंग टेस्टचा किस्सा होऊन जाऊ दे." मग काय! तिसऱ्या टेस्टला मालविका राउंडअबाउटच्या तोंडाशी थांबली ती थांबलीच, मागे गाड्यांची रांग, आणि तो इजिप्शियन परीक्षक हात जोडून "मॅडम, यल्ला! मॅडम, प्लीज, यल्ला!" करतोय, म्हणजे चला, निघा. शेवटी तोच उतरून रस्ता मोकळा करायला लागला. हा किस्सा मी गेली कित्येक वर्षं सांगतोय, पण अजून दर वेळी हशा पिकतो. मालविका पण हसते. त्यानंतर तिनं कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. भित्री आहे, पण स्वभाव खेळकर.

ते लोक गेल्यावर मात्र माझं लक्ष पुन्हा त्या लाल डोळ्यांकडे गेलं. रडलीय ती. जुडिथ हॉस्पिटलात आहे. मला जे वाटतंय ते लिहायला हात धजत नाही.


सोमवार, १४ ऑक्टोबर

कारखान्याच्या बसमधून आसावरीला फोन केला. आमची लेक, बंगळुरूला नोकरी करते. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "आई तब्येतीचं काही बोलली का तुझ्याशी?"

"नाही. का?"

"शनिवारी कुठेतरी जाते. सांगत नाही."

मग म्हणाली, "बाबा, सांगेन म्हणालीय ना ती? मग वेट करा ना."

म्हणजे हिला माहीत आहे! आईचं गुपित लेकीला माहीत, मैत्रिणीला माहीत आणि मी तेवढा बाहेर. आणि हो, मी अट मोडली हेही खरं. पण काळजीपोटी मोडलेली अट मोडलेली धरत नाहीत, असं मला वाटतं.


गुरुवार, १७ ऑक्टोबर

आज मेथी निवडता निवडता तिनं तिची खास गोष्ट सांगितली. म्हणाली, दोन्हीकडच्या कथांतले धागे घेऊन कट्ट्यासाठी ही मी माझी रचलीय.

एका सरदाराला झऱ्याकाठी एक उमराव घराण्यातली बाई भेटते. तिच्यावर जन्मापासून कसला तरी मंत्र आहे. ती लग्नाला तयार होते, पण अट घालते: आठवड्यातला एक दिवस मी नदीकाठच्या बुरुजात एकटी राहीन, तेव्हा माझ्याकडे बघायचं नाही. तो कबूल होतो. संसार छान चालतो, शेतं पिकतात, मुलं होतात. पण सरदाराला चैन पडत नाही. एक दिवस तो दाराला तलवारीच्या टोकानं भोक पाडतो आणि आत बघतो. ती हौदात बसलेली, आणि कमरेपासून खाली चांदीसारखा लखलखता मासा.

मी मेथी खाली ठेवली. "मग? गेली निघून?"

"नाही. त्यानं बघितलं हे तिला कळलं होतं. पण तो गप्प राहिला, म्हणून तीही गप्प राहिली. पुढे एका मेजवानीत, भर पंगतीत, पाहुण्यांना हसवायला त्यानं ते बोलून दाखवलं. तेव्हा ती उठली आणि खिडकीतून नदीत गेली."

"हे अजब आहे," मी म्हणालो. "गुन्हा बघण्याचा. शिक्षा बोलल्याची. बघितलं तेव्हा माफ केलं, तर नंतर कसला राग?"

तिनं मेथीची जुडी पुढे ओढली. "कट्ट्यावर हाच प्रश्न येणार. बघू कोण उत्तर देतंय."

कथा म्हणून छान आहे, पण तर्काला धरून नाही.


रविवार, २० ऑक्टोबर

काल तिनं खांद्याला बाम चोळायला सांगितला. दंडावर निळसर डाग होता. सुई टोचल्यासारखा नव्हे, आपटल्यासारखा, पण मी काय डॉक्टर आहे? "काय झालं?" एवढंच विचारलं. "काही नाही, लागलं," म्हणाली. आणि गुणगुणत होती. मरणाच्या दारातलं माणूस गुणगुणतं का? लपवायला गुणगुणत असेल.

प्लांटमध्ये आज एका बेअरिंगचा आवाज मला ऐकूच आला नाही. हाताखालच्या पोरानं लक्षात आणून दिलं.


शनिवार, २६ ऑक्टोबर

गेलो. नाही राहवलं.

वॉल्टरची ड्रिल मशीन माझ्याकडे कधीची पडून होती. वॉल्टर म्हणजे जुडिथचा नवरा. ते मदिनत खलीफात एका व्हिलांच्या कंपाउंडमध्ये राहतात. मशीन परत करायचं निमित्त केलं आणि आपली गाडी ओळखू येईल म्हणून टॅक्सीनं गेलो. जुडिथची गाडी दारातच उभी! म्हणजे हॉस्पिटल नाही. मला एकदम मोकळा श्वास आला.

वॉल्टर दारात झाडांना पाणी घालत होता. मला बघून गडबडला. "अरे सदा, तू? त्या दोघी मागे आहेत. पण तिकडे जाता नाही यायचं हां, आज सकाळची वेळ बायकांची असते."

"कसली वेळ?"

मला त्याच्यामागून आवाज येत होता. बोगनवेलीची दाट भिंत, तिच्यावर हिरवी जाळी आणि पलीकडे पाणी. छपाक छपाक. मग मालविकाचा आवाज, इतका मोठा की मी कधी ऐकला नव्हता: "सोडू नकोस हां! जुडिथ, सोडू नकोस गं!"

आणि जुडिथ: "मी केव्हाच सोडलंय, बाई! तूच तरंगतेस!"

मग मालविका हसली. मी अठ्ठावीस वर्षांत तिचं बरंच हसणं ऐकलंय. हे त्यातलं नव्हतं.

पोहायला शिकतेय! बावन्नाव्या वर्षी! टोपीची रेघ, क्लोरीनचे डोळे, भूक, खांदा, सगळं जागच्या जागी बसलं. मी पार उलटं निदान केलं होतं. वॉल्टरनं माझा हात धरला, म्हणाला, "तू आलास हे मी सांगणार नाही. तू पण बोलू नकोस. ती स्वतः सांगणार आहे तुला."

टॅक्सीत बसल्यावर डोळ्यांना पाणी आलं. ड्रायव्हरला वाटलं काही वाईट बातमी आहे. "ऑल ओके, सर?" म्हणाला. मी म्हटलं, ऑल ओके.


मंगळवार, २९ ऑक्टोबर

तीन दिवस गप्प आहे. फार अवघड. ती समोरून गेली तरी हसू येतं.

बसमध्ये सबंध किस्सा मनात जुळवला. आधी माझी घाबरगुंडी, लाल डोळे, हॉस्पिटल, मग ड्रिल मशीन, मग भिंतीपलीकडून "सोडू नकोस गं!" टेस्टच्या किश्शापेक्षाही हा वरचढ होईल. शिवाय यात तिचं कौतुकच आहे. या वयात पाण्यात उतरते म्हणजे खायचं काम नाही, लोकांना कळायला हवं. आणि अट होती ती विचारू नका अशी. सांगू नका अशी नव्हती.


रविवार, ३ नोव्हेंबर

काल पाडवा. सकाळी तिनं मला ओवाळलं आणि मग जुडिथबरोबर गेली. आली ती अगदी फुललेली. संध्याकाळी देवव्रतकडे फराळ होता. पंधरा-वीस माणसं, वॉल्टर आणि जुडिथ नाताळाचं नाटक बसवताहेत म्हणून आले नव्हते. चिवड्याच्या दुसऱ्या फेरीला देवव्रत म्हणालाच, "सदा, काहीतरी होऊ दे."

मी सांगितलं. इतकं रंगलं की काय सांगू. "सोडू नकोस गं!" ला तर मी खुर्चीवर हातपाय मारून दाखवले. लोक डोळे पुसत होते. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "वहिनी, मानलं तुम्हाला," देवव्रत म्हणाला.

मालविका हसली नाही. तिनं करंजी अर्धी खाल्ली होती, ती बशीत ठेवली, बशी टेबलावर ठेवली आणि आत स्वयंपाकघरात गेली. आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

गाडीत तिनं विचारलं, "ते ड्रिल मशीनचं खरं, की वॉल्टरनं सांगितलं?"

"नाही गं. मीच गेलो होतो. भिंतीपलीकडून ऐकलं."

"कधी?"

"गेल्या शनिवारी."

"म्हणजे आठवडाभर तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही बोलला नाहीत."

"नाही बोललो," मी जरा अभिमानानं म्हणालो.

"चांगलं केलं होतंत." मग घराजवळच्या सिग्नलला म्हणाली, "आज घरी आल्यावर मी सांगणार होते. पाडवा म्हणून थांबले होते."

एवढंच. वर आल्यावर दार लावून झोपली. मी सोफ्यावर. काय एवढं बोललो मी? शिवी दिली का? सगळे तिचं कौतुकच करत होते.


बुधवार, ६ नोव्हेंबर

सकाळी मेसईदच्या बसनं अचानक ब्रेक मारला आणि देवव्रत मागच्या सीटवरून ओरडला, "सोडू नकोस गं!" सगळी बस हसली. ज्यांनी पाडव्याला ऐकलं नव्हतं त्यांनाही आता माहीत होतं. एक केरळी पोरगा, ज्याला मराठीचं ओ का ठो कळत नाही, तोसुद्धा तेच ओरडला.

मी पण हसलो, सवयीनं. मग हसता येईना. त्या भिंतीपलीकडे ती जे ओरडली होती ते जुडिथला ओरडली होती. बसला नव्हे.

उतरताना देवव्रतला म्हटलं, "ते परत म्हणू नकोस."

"अरे, तूच तर सांगितलंस!"




शनिवार, ९ नोव्हेंबर

हॉर्न वाजला. मालविका पंख्याखाली शिकवणीचे पेपर तपासत बसली होती, उठली नाही. पुन्हा वाजला. मग जुडिथ वर आली. मालविका "डोकं दुखतंय" म्हणून आतल्या खोलीत गेली.

जुडिथ माझ्यासमोर बसली. चहा घेते का विचारलं, नको म्हणाली.

"सदाभाऊ, आम्ही वसईची माणसं. लहानपणी भावानं ढकललं बावखलात, वाडीतल्या तळ्यात, की आलं पोहता. हिचं तसं नाही. हिला पाण्याची भीती नव्हतीच. मी म्हणायचे, अंग सैल सोड, मान मागे टाक. ती दर मिनिटाला मान उचलून बघायची, कोणी बघतंय का. मी सांगायचे, कोणी नाही गं. किती शनिवार गेले त्यात. ज्या दिवशी तिनं पहिल्यांदा अंग सोडलं, त्याच दिवशी तुम्ही भिंतीला कान लावून उभे होतात."

मी म्हटलं, "मी वाईट हेतूनं नाही सांगितलं."

"ते माहितीये मला. ती गाडी का चालवत नाही, कधी विचारलंत?"

"भीती वाटते तिला."

"कोणाची?" जुडिथ म्हणाली आणि उठली. दारात चप्पल घालताना म्हणाली, "थंडी येतेय. आमच्या पोहायच्या टाकीला हीटर नाही. अजून दोन-तीन आठवडे, मग खलास. आणि डिसेंबरला तुम्ही जाणार. नाशकात ती काय सासरच्या सगळ्यांसमोर शिकणारे का?"

कोणाची, हा प्रश्न दिवसभर डोक्यात आहे. मी त्या टेस्टच्या वेळी गाडीत नव्हतो. मला हे सगळं तिनंच सांगितलं होतं, त्या दिवशी घरी येऊन, रडत रडत. परीक्षकानं हात जोडले होते की नाही तेही आता मला नक्की आठवत नाही. ते बहुधा मी घातलं.


गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज बोललो. चहाचे कप धुत होतो, ती पुसत होती. म्हटलं, "चुकलं माझं. पाडव्याचं. आणि टेस्टचंही."

ती एक कप बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "मी रागावलेय. राग जाईल, माझा राग टिकत नाही हे तुम्हाला माहितीये. पण मी डोळे मिटून ते पाणी आठवते ना, तर आता मला तुमचा आवाज ऐकू येतो. तो सगळ्यांना हसवणारा. तो जायला वेळ लागेल."



"आपण सीलाइनच्या बीचवर किती वेळा गेलो असू," ती म्हणाली. "तुम्ही, देवव्रत, पोरं, सगळे पाण्यात. आणि मी काठावर तुमच्या चपला, घड्याळं, मोबाइल सांभाळत. कोणी बळजबरी केली नव्हती. मीच म्हणायचे, मी बसते इथे. मला येत नाही हे कोणाला दिसू नये म्हणून. निघायच्या आत एकदा तरी पाण्यात जावं, एवढंच होतं. आणि शिकताना मी जशी दिसते ना, वेडीवाकडी, तोंडात पाणी गेलेली, तशी कोणाला दिसायचं नव्हतं. तुम्हाला तर नाहीच."

"मला का नाही?"

"कारण तुम्ही इतकं छान सांगता."

खिडकीबाहेर खालच्या बकाल्यातला, किराणा दुकानातला माणूस पाण्याच्या बाटल्या उतरवत होता. आम्ही दोघं ते बघत उभे राहिलो. मला खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं, "ती तुझ्या गोष्टीतली. नदीत गेल्यावर तिचं पुढे काय झालं?"

"अजून ठरवलं नाही मी."

"तिला तिकडे बरं वाटलं का?"

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. हसली नाही, पण कप माझ्या हातात दिला. "विचार करते," म्हणाली.


गुरुवार, २१ नोव्हेंबर

काल कट्ट्याचा शेवटचा दिवस, मालविकाच्या बोलण्याचा. पुरुषांना बोलावणं नसतं. मी तिला सोडून आलो, आणायलाही गेलो. गाडीत ती खुशीत होती पण काही सांगितलं नाही.

आज नयनाचा फोन, कसलातरी डबा परत करण्यावरून. म्हणाली, "भावोजी, वहिनींनी काय गोंधळ घातला! सरदार म्हातारा होतो आणि नदीकाठी येऊन बसतो. ती पाण्यात आहे हे त्याला माहितीये. इथवर सांगितलं आणि म्हणाल्या, पुढचं तुम्ही सांगा. अर्ध्याजणी म्हणतात तिनं यावं, अर्ध्या म्हणतात अजिबात येऊ नये. मी तर भांडले, येऊ नये म्हणून. कट्ट्यातल्या रुकैयाभाभी म्हणाल्या, तिनं आधी त्याला पाण्यात उतरायला लावावं." मग आवाज बारीक करून म्हणाली, "मी म्हटलं, मला पण पोहायला घेऊन चला. तर म्हणाल्या, आधी माझं मला होऊ दे."

होऊ दे म्हणाली. म्हणजे जाणार आहे. मी नयनाला पुढे काहीच विचारलं नाही. विचारावंसं खूप वाटलं.


शनिवार, २३ नोव्हेंबर

सकाळी गार वारा होता. ती पिशवी घेऊन दारात आली. "येते," म्हणाली. हॉर्न वाजला नव्हता, तिनं टॅक्सी बोलावली होती. जुडिथकडे की आणखी कुठे, ठाऊक नाही. मी "ये" म्हणालो आणि बाल्कनीत गेलो नाही.

अकराच्या सुमारास देवव्रतचा फोन. "वहिनी आहेत का? नयनाला बोलायचंय."

"बाहेर गेलीय."

"कुठे? पाण्यात?" तो हसला.

"तिलाच विचार आल्यावर."

"अरे, सांग की! काय झालं पुढे? लोक विचारतात मला."

"देवा," मी म्हणालो, "मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी नसतं सांगितलं." तो जरा नाराज झाला. होऊ दे. मग मी वरणभाताचा कुकर लावला. शिट्ट्या मोजायच्या विसरलो, भात खाली लागला.

ती आली, लागलेला भात खरवडून खाल्ला, चांगला झालाय म्हणाली. संध्याकाळी आपणहून म्हणाली, "चला, कॉर्निशला जाऊ." आम्ही तिथल्या समुद्राकाठच्या पायऱ्यांवर बसलो. समोर जुन्या लाकडी होड्यांचे दिवे लागत होते, पोरं सायकली पिटाळत होती. मी शेंगदाण्याची पुडी घेतली होती. दोनचार दाणे खाऊन ती बोलायला लागली.

सकाळी ती कुठे गेली होती, तिथे काय झालं, पाण्याखाली डोळे उघडल्यावर काय दिसलं, आणि त्याहून जुनं, तिच्या लहानपणचं, लग्नाच्या पहिल्या वर्षाचंही, जे मी कधी ऐकलं नव्हतं, ते सगळं तिनं मला सांगितलं. मधे मधे थांबून ती माझ्याकडे बघायची, मी ऐकतोय ना ते बघायला, आणि पुन्हा सुरू व्हायची. होड्या परत आल्या, पोरं घरी गेली, शेंगदाणे संपले, तरी ती बोलत होती.

काय सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही.